पॉइंट क्लोज झाला, असं मिनिट्समध्ये आलंय

आम्ही पंप बनवतो. त्यात बसणारे मेकॅनिकल सील आणि रबरी ओ-रिंगा परदेशातून येतात. पुरवठादार तोच, कॅटलॉग तोच, पार्ट नंबरही तेच. तरी बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालासाठी कस्टम्सकडे द्यायचा कागद, भरलं की आमच्या सीएचएचा (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटचा) फोन येणार हे ठरलेलं.

"मॅडम, क्वेरी पडलीय."

"काय विचारलंय?"

"तेच. टेक्निकल लिटरेचर, एंड यूज, आणि क्लासिफिकेशन कसं केलं ते."

विचारण्यासारखं काही नसतं असं नाही. टॅरिफमध्ये, म्हणजे आयात शुल्काच्या यादीत, रबराची ओ-रिंग ४०१६ मध्ये जाते, मेकॅनिकल सील ८४८४ मध्ये. पंपात बसणारी म्हणून ओ-रिंगसुद्धा चौऱ्याऐंशीव्या चॅप्टरमध्येच असेल, असं कागद पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटू शकतं. पण टॅरिफच्या सोळाव्या सेक्शनच्या अगदी पहिल्या टिपेतच लिहिलंय की व्हल्कनाइज्ड रबराच्या, यंत्राला लागणाऱ्या अशा वस्तू त्या सेक्शनमध्ये धरायच्या नाहीत. हार्ड रबराच्या असतील तर गोष्ट वेगळी. ही टीप आम्ही उत्तरात लिहून देतो, उत्तर मान्य होतं, माल सुटतो. पुढच्या खेपेला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. २०२० च्या जूनमध्ये बंगळुरू आणि चेन्नईपासून फेसलेस असेसमेंट (मालाचं वर्गीकरण आणि शुल्क चेहरा न दाखवता तपासणं) सुरू झालं आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत ते देशभर लागू झालं. माल आमच्या बंदरात उतरतो, त्याचं असेसमेंट मात्र भलत्याच शहरातला अधिकारी करतो, आणि तो कोण हे आम्हाला कळत नाही. मला स्वतःला ही पद्धत आवडते. पूर्वी कस्टम्सच्या ग्रुपमध्ये जाऊन अप्रेझरच्या (असेसमेंट करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) टेबलासमोर उभं राहावं लागायचं, आणि तिथे कुणाचं काम आधी होतं आणि कुणाचं नंतर, यावर मी इथे जास्त लिहीत नाही. पण त्या अप्रेझरला आमचा माल पाठ होता, हेही खरं. आता प्रत्येक बिल ऑफ एंट्री नव्या डोळ्यांसमोर जातं आणि ते डोळे नव्याने शंका घेतात. त्यांचंही चूक नाही, उद्या ऑडिट आलं तर "तुम्ही विचारलं का नाही?" हा प्रश्न त्या अधिकाऱ्यालाच येणार.

आमचं नुकसान व्हायचं ते मधल्या दिवसांत. शिपिंग लाइनचे कंटेनरचे फ्री डेज आणि सीएफएसचे (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डाचे) फ्री डेज दोन्ही संपतात, मग एकीकडे डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकल्याचा आकार, आणि दुसरीकडे ग्राउंड रेंट, म्हणजे जागेचं भाडं. एका कन्साइनमेंटला तर पहिल्या क्वेरीचं उत्तर गेल्यावर दुसरी क्वेरी आली, आणि तिच्यात पहिल्या उत्तरात दिलेलंच पुन्हा मागितलं होतं. मध्ये शनिवार-रविवार. असेंब्लीवर पंप उघडे पडलेले, सील नाहीत म्हणून. बिलं आली तेव्हा आमच्या मालकांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "यांना कुणीतरी सांगायला नको का?"

सांगायचं कुणाला, हाच मोठा प्रश्न. दारं बरीच आहेत. प्रत्येक कस्टम हाऊसमध्ये तुरंत सुविधा केंद्र आहे. तिथे बाँड, बँक गॅरंटी, लागलेच तर मूळ कागद द्यायचे. तिथल्या माणसाने आमचं शांतपणे ऐकून घेतलं आणि असेसमेंटवर त्यांचा काही अधिकार नाही हे सांगितलं. आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, अनॉनिमाइज्ड एस्कलेशनची (नाव न कळता वर दाद मागायची) सोय आहे, २०२१ पासून. बिल ऑफ एंट्री अडकलं तर तिथे नोंद करायची, म्हणजे असेसमेंट करणाऱ्याच्या वरिष्ठांपर्यंत ते जातं आणि दोन्हीकडची नावं एकमेकांना कळत नाहीत. हे चालतं, मी वापरून बघितलंय. अडकलेलं बिल हलतं. पण हलतं ते तेवढंच एक. पुढच्या खेपेला काय, याचं उत्तर त्यात नाही.

सीपीग्राम्सवरही तक्रार टाकली. केंद्र सरकारच्या कुठल्याही खात्याविरुद्ध तिथे तक्रार करता येते. निकालाची मुदत तेव्हा ३० दिवस होती, २०२४ मध्ये ती २१ वर आणली. नोंदणी क्रमांक लगेच आला, उत्तरही मुदतीत आलं. ज्या कार्यालयाकडे तक्रार गेली होती त्यांनी लिहिलं होतं की सदर बिल ऑफ एंट्रीवरील माल सुटलेला आहे, सबब तक्रार निकाली. एका ओळीत सगळं खरं होतं आणि आमच्या काहीही उपयोगाचं नव्हतं. तक्रार एका कन्साइनमेंटची असेल तर ती कन्साइनमेंट सुटली की तक्रार मेली. आम्हाला सांगायचं होतं ते सवयीबद्दल.

मग आमच्या चेंबरच्या (व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेच्या) सेक्रेटरींकडे गेले. या गृहस्थांचे केस कस्टमच्या कॉरिडॉरमध्ये पांढरे झालेत. मी त्यांना कमिशनरांच्या नावे लिहिलेलं पत्र दाखवलं. चांगलं सविस्तर होतं, आमच्या ऑफिसात सगळ्यांना आवडलं होतं. त्यांनी चष्मा वर करून पूर्ण वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं.

"पत्र छान आहे. यात तुमची मागणी कुठाय?"

"सर, तेच तर लिहिलंय, वारंवार क्वेरी काढतात..."

"ती हकिगत झाली. पीटीएफसीत हकिगत चालत नाही, पॉइंट लागतो."

पीटीएफसी म्हणजे परमनंट ट्रेड फॅसिलिटेशन कमिटी. कस्टम हाऊसमध्ये महिन्याला तिची बैठक होते. कमिशनर अध्यक्ष, समोर आयातदार-निर्यातदारांच्या संघटना, कस्टम्स ब्रोकर्सची संघटना, सीएफएस, टर्मिनल, शिपिंग लाइन. दुसरी एक सीसीएफसी (कस्टम्स क्लिअरन्स फॅसिलिटेशन कमिटी) आहे, २०१५ मध्ये कस्टम्सच्या केंद्रीय बोर्डाच्या परिपत्रकाने स्थापन झालेली, तीत अन्नसुरक्षा, प्लांट क्वारंटाइन, ड्रग कंट्रोलर असे इतर खात्यांचे लोकही बसतात. आमच्या मालाला कुणा तिसऱ्या खात्याची एनओसी लागत नाही, म्हणून पीटीएफसी. एकटी कंपनी तिथे थेट जाऊन बसत नाही, संघटनेमार्फत जायचं. त्यामुळे सेक्रेटरींचं ऐकणं भाग होतं, आणि ते ऐकलं हे बरंच झालं.

त्यांनी मला पॉइंट लिहायला शिकवला. तक्रार करायला अक्कल लागत नाही, पॉइंट लिहायला लागते, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वाक्यात काय घडतं ते, विशेषणाशिवाय. "अन्यायकारक", "प्रचंड", "नाहक" हे सगळे शब्द त्यांनी लाल पेनाने उडवले. दुसऱ्या वाक्यात ते ज्या परिपत्रकाच्या विरुद्ध जातं त्याचा संदर्भ. क्वेऱ्या तुकड्यातुकड्यांनी काढू नयेत, विचारायचं ते एकदम विचारावं, अशा सूचना बोर्डाच्याच आहेत; मग आपण वेगळा युक्तिवाद का करायचा? तिसऱ्या वाक्यात काय हवंय ते, आणि ते त्या खोलीत बसलेल्या माणसाला करता येण्यासारखं असलं पाहिजे. खाली जोडपत्र: बिल ऑफ एंट्रीचे नंबर, तारखा, क्वेरी कधी पडली, उत्तर कधी गेलं.

"आणि एकट्याचे नंबर नकोत," ते म्हणाले. "एकट्याचे असले की साहेब म्हणतात, ही केस मला वेगळी दाखवा. तुम्हाला केबिनमध्ये बोलावतील, चहा देतील, तुमचा माल सोडतील. बाकीच्यांचं तिथेच राहील."

त्यांनीच फोन फिरवून आणखी काही आयातदार शोधले. एक व्हॉल्व्ह बनवणारे, एक कॉम्प्रेसरचे सुटे भाग आणणारे. प्रत्येकाकडे हेच दुखणं होतं आणि प्रत्येकाला ते फक्त आपलंच वाटत होतं.

मग मी एक्सेल शीट घेऊन बसले. आइसगेटवर प्रत्येक टप्प्याची वेळ दिसते: बिल ऑफ एंट्री कधी सादर झालं, क्वेरी, उत्तर, असेसमेंट, ड्युटी भरणा, मालाची नोंदणी, तपासणी, आउट ऑफ चार्ज (माल सोडायची परवानगी). सगळ्यांच्या वेळा एकाखाली एक लावल्या तेव्हा मला अपेक्षित नव्हतं ते दिसलं. क्वेरीत दिवस जात होतेच, पण ड्युटी भरल्यानंतर ते आउट ऑफ चार्जपर्यंतचा टप्पाही चांगलाच लांबत होता. सीएचएच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, शेडमध्ये साहेब पूर्ण सेट मागतात. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल, कॅटलॉग, सगळ्याच्या प्रिंटा. त्या नसल्या की म्हणतात उद्या या."

२०१८ पासून ई-संचितवर (कस्टम्सच्या ऑनलाइन कागदांच्या सोयीवर) सगळे कागद अपलोड करतो आपण, तेही डिजिटल सही करून. त्याच कागदांच्या प्रिंटा शेडमध्ये. हा दुसरा पॉइंट झाला. तिसरा डिटेन्शनचा.

हे आकडे मांडताना एक गोष्ट लक्षात आली ती इथे सांगून ठेवते, कारण पुढे सगळं तिच्यावरच फिरलं. कस्टम्सला स्वतःच्या वरिष्ठांना वेळेचा हिशेब द्यावा लागतो. टाइम रिलीज स्टडी म्हणून अभ्यास असतो, दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली बिलं घेऊन. माल आल्यापासून सुटेपर्यंत किती तास लागले ते मोजतात. व्यापार सुलभ करण्याच्या २०२०-२३ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात समुद्रमार्गे आलेल्या आयात मालासाठी ४८ तास, विमानाने आलेल्यासाठी २४ तास असं लक्ष्य ठरवलेलं होतं. म्हणजे तुमचा त्रास सांगितला तर तो तुमचा असतो. तुमच्यामुळे त्यांचे तास वाढतात हे दाखवलं की तो दोघांचा होतो.

बैठकीला चेंबरचे प्रतिनिधी म्हणून सेक्रेटरी आणि त्यांच्यासोबत मी. लांब टेबल, नावाच्या पाट्या, मागच्या भिंतीला लागून खुर्च्या. आमच्यासारख्या 'सोबत आलेल्यां'नी तिथे बसायचं. कमिशनर साहेब वेळेवर आले, हे मी मुद्दाम नोंदवते. सुरुवात मागच्या बैठकीच्या मिनिट्सपासून. प्रत्येक जुना पॉइंट वाचायचा, संबंधित अधिकाऱ्याने काय केलं ते सांगायचं, आणि साहेबांनी विचारायचं, "ट्रेड सॅटिस्फाइड? मग क्लोज करूया?" मान हलली की क्लोज. कुणी मान हलवायला उशीर केला की क्लोजच. मागच्या खुर्चीवरून मला वाटलं, हा वेग बघता आमच्या पॉइंटला जेमतेम श्वास घ्यायला वेळ मिळेल.

पण प्रिंटांचा पॉइंट आला आणि साहेब थांबले. त्यांनी डॉक्सचे डेप्युटी कमिशनर होते त्यांच्याकडे बघितलं.

"प्रिंट कशाला लागते?"

"सर, पॉलिसी म्हणून मागत नाही. शेडमध्ये सिस्टीम एकच आहे, तीही ऑफिसच्या आत. कंटेनर बाहेर यार्डात. अधिकारी कॅटलॉग बघायला आत जाणार, परत येऊन खोका बघणार, पुन्हा आत जाणार. प्रिंट हातात असली की काम एका फेरीत होतं."

मला हे उत्तर आवडलं. इतके महिने आम्ही समजत होतो की अडवणूक चाललीय, आणि इथे एक माणूस सांगत होता की त्याच्याकडे कॉम्प्युटर एकच आहे. अडवणूक कुठेच नसते असं मी म्हणत नाही. पण या कारणाला उपाय होता, आणि साहेबांनी तो तिथल्या तिथे सांगितला: यार्डाजवळ आणखी सिस्टीम आणि टॅब देता येतील का ते बघा, तोवर ज्या कागदावर शंका असेल तेवढाच मागा, सरसकट सेट मागू नका, आणि तशी पब्लिक नोटीस काढा. लिहून घेतलं. पुढे.

क्वेरीच्या पॉइंटला मात्र खोलीतली हवाच बदलली. सेक्रेटरींनी जोडपत्र पुढे सरकवलं. साहेबांनी ते खरोखर चाळलं, एक नंबर बोटाने धरून शेजारच्या ॲडिशनल कमिशनरांना दाखवला. मग म्हणाले, "हे असेसमेंट आमच्याकडे झालेलंच नाही. दुसऱ्या झोनचं आहे. मी त्यांना कळवू शकतो, आदेश देऊ शकत नाही."

फेसलेसमधली खरी गोम हीच. माल ज्या बंदरात अडकतो तिथल्या कमिशनरपुढे आपण बसलेलो, आणि अडकवणारा त्यांच्या हाताखालचा नाही. असेसमेंट सगळीकडे सारखं व्हावं म्हणून नॅशनल असेसमेंट सेंटर्स केलीत, प्रत्येकाकडे टॅरिफचे ठरावीक चॅप्टर्स. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर पत्र इथून तिथे जाणार, तिथून परत येणार.

ॲडिशनल कमिशनर मॅडमनी मध्येच मला थेट विचारलं, "मागच्या बिलांत हेच क्लासिफिकेशन मान्य झालंय ना? मग त्या बिलांचे नंबर आणि तुमचं उत्तर पहिल्याच अपलोडमध्ये का जोडत नाही? क्वेरी पडायची वाट का बघायची?"

मी म्हटलं, "मॅडम, तसा कागद मागितलेला नसतो."

"मागितलेला नसला म्हणून नाकारलाय कुठे? एक पानी राइट-अप करा. बघणाऱ्याला आधीच उत्तर मिळालं तर तो प्रश्न कशाला टाइप करेल?"

त्या बैठकीतून हाताला लागलेली सगळ्यात कामाची गोष्ट ही होती, आणि ती मिनिट्समध्ये आलीच नाही.

डिटेन्शनच्या पॉइंटवर नाटक झालं. २०१८ च्या सी कार्गो मॅनिफेस्ट अँड ट्रान्सशिपमेंट नियमांत तरतूद आहे की नोंदींची पडताळणी करायला कस्टम्सने माल थांबवला आणि नोंदी बरोबर निघाल्या तर शिपिंग लाइनने त्या काळाचं कंटेनर डिटेन्शन मागू नये. साठ दिवसांनंतरचं मागता येतं. सीएफएससाठी तसंच काहीसं २००९ च्या कार्गो हाताळणी नियमांत आहे, कस्टम्सने जप्त केलेल्या वा अडवून ठेवलेल्या मालाला भाडं लावू नये म्हणून. साहेबांनी पहिला नियम मोठ्याने वाचला आणि लाइनच्या प्रतिनिधीकडे पाहिलं. तो तरुण मुलगा उठून उभा राहिला.

"सर, क्वेरी म्हणजे माल डिटेन केला असं होत नाही. डिटेन्शन मेमो द्या, आम्ही माफ करतो."

"क्वेरी काढली म्हणजे आम्ही माल थांबवलाच ना?"

"सर, मला प्रिन्सिपलना विचारावं लागेल."

मागच्या रांगेत खसखस पिकली. हे "प्रिन्सिपलना विचारावं लागेल" बरीच वर्षं ऐकत असल्याचं सेक्रेटरींनी मला नंतर जिन्यात सांगितलं. मुलं बदलतात, प्रिन्सिपल, म्हणजे मूळ शिपिंग कंपनी, काही उत्तर देत नाहीत. पॉइंट "अंडर डिस्कशन" राहिला.

परत येताना मी त्यांना विचारलं की या बैठका कस्टम्सवाले मनापासून घेतात का. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. म्हणाले, मनावर आहेच कुठे, करारावर आहे. कस्टम्सच्या कार्यपद्धतीवरच्या आंतरराष्ट्रीय क्योटो कन्व्हेन्शनच्या सुधारित मसुद्यातच लिहिलंय की कस्टम्सने व्यापाऱ्यांशी औपचारिक सल्लामसलत ठेवली पाहिजे, आणि भारत त्यात आहे. मग २२ फेब्रुवारी २०१७ पासून जागतिक व्यापार संघटनेचा ट्रेड फॅसिलिटेशन करार लागू झाला, त्यातही सल्लामसलतीचं कलम आहे. त्या करारासाठी २०१६ मध्येच कॅबिनेट सेक्रेटरींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय समिती झाली. "म्हणजे बैठक घ्यावीच लागते," ते म्हणाले. "बैठकीत काय घडतं ते तुम्ही काय घेऊन जाता त्यावर."

मिनिट्स आले. आमची सगळी उलघाल दोन ओळींत. "ट्रेडने नमूद केले की... अध्यक्षांनी निर्देश दिले की..." पण पब्लिक नोटीस खरंच निघाली, आणि चांगली निघाली: ई-संचितवर उपलब्ध असलेल्या कागदांच्या प्रती तपासणीच्या वेळी सरसकट मागू नयेत, विशिष्ट शंका असल्यास ती नोंदवून मागाव्यात, अडचण आल्यास अमुक अधिकाऱ्याशी संपर्क साधावा. साध्या इंग्रजीत, संपर्कासाठी ईमेलसकट. आमच्या जोडपत्रातलं एक वाक्य जवळजवळ जसंच्या तसं त्यात आलेलं पाहून मला मनापासून आनंद झाला.

नोटीस वेबसाइटवर चढली म्हणजे शेडमध्ये पोचली असं नसतं. पुढच्या कन्साइनमेंटला मी स्वतः गेले. यार्डात ऊन मी म्हणत होतं. कंटेनर उघडा, मजूर खोके खाली घेतायत, तपासणी अधिकारी एका खोक्याची टेप कापून बघतायत. सीलची डबी त्यांनी उचलली, पार्ट नंबर वाचला आणि आमच्या मुलाकडे हात पुढे केला. "सेट?"

मुलाने नोटीस दिली.

"हे काय?"

"सर, नवीन पब्लिक नोटीस आहे. प्रिंट मागायची नाही म्हणून."

अधिकाऱ्यांनी ती उभ्या उभ्या पूर्ण वाचली. मग हसून म्हणाले, "आणि हे सांगायला प्रिंट आणलीत." तेवढ्यावर वातावरण निवळलं. त्यांनी आत जाऊन स्क्रीनवर कॅटलॉग बघितला, परत येऊन नंबर जुळवले, आणि संध्याकाळच्या आत आउट ऑफ चार्ज मिळाला. ती घडी पडलेली नोटीस आमचा मुलगा अजून खिशात घेऊन फिरतो, कारण बदल्या झाल्या की नव्या साहेबांना पुन्हा दाखवावी लागते. पुढे यार्डाजवळ टॅबही आले. ते कधी चार्ज असतात, कधी नसतात.

क्वेरीच्या पॉइंटचं उत्तर बऱ्याच उशिरा आलं. असेसमेंट सेंटरने कळवलं होतं की क्वेऱ्या प्रकरणाच्या गुणवत्तेनुसार काढल्या जातात, एकत्रित क्वेरी काढण्याच्या सूचना अधिकाऱ्यांना पुन्हा दिल्या आहेत, आणि विलंब झाल्यास ट्रेडने एस्कलेशनची सोय वापरावी. त्याखाली: पॉइंट क्लोज्ड.

मी चिडून सेक्रेटरींना फोन केला. ते शांत. "तुकड्यातुकड्यांनी विचारणं कमी झालं का?"

बघितलं तर झालं होतं. आता विचारतात ते एकदम विचारतात. आणि मॅडमनी सुचवलेलं एक पानी राइट-अप लावायला लागल्यापासून काही बिलं क्वेरीशिवायच निघाली. सगळी नाही. आम्ही त्या पानावर वर्गीकरण, सेक्शन नोट, मागच्या बिलांचे नंबर आणि सीलचा कापलेला आडवा छेद दाखवणारं चित्र टाकतो. चित्राचा जास्त उपयोग होतो असं मला वाटतं. रबर कुठे संपतं आणि धातू कुठे सुरू होतो ते दिसतं.

म्हणजे वेळ, कागद, रांग, कॉम्प्युटर या गोष्टींवर खातं बरंच ऐकतं, कधी कधी आश्चर्य वाटावं इतक्या लवकर. पण अधिकाऱ्याच्या निर्णयाला हात लावणारं काहीही असलं की कमिटीचं दार मिटतं, आणि माझ्या मते ते मिटायलाच हवं. उद्या एखादी मोठी कंपनी बैठकीत बसून आपल्या मालाचं क्लासिफिकेशन ठरवून घ्यायला लागली तर आमच्यासारख्यांचं काय? त्यासाठी कायद्यात वेगळे रस्ते आहेत. अधिकाऱ्याने आपलं असेसमेंट बदललं आणि आपल्याला मान्य नसलं तर कस्टम्स ॲक्टच्या कलम १७(५) खाली कारणांसह लेखी आदेश मागता येतो, तो अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत द्यायचा असतो, मग त्यावर साठ दिवसांत कमिशनर अपील्सकडे. आम्ही तो आदेश कधी मागितलाच नव्हता, कारण आमचं असेसमेंट कुणी बदललंच नव्हतं. नुसतंच विचारत होते. आमच्या दुखण्याला खरं औषध ॲडव्हान्स रूलिंग, म्हणजे वर्गीकरणाचा प्रश्न आधीच अर्ज करून ठरवून घेणं. मुंबई आणि दिल्लीला त्यासाठीची प्राधिकरणं २०२१ पासून काम करतायत, अर्ज केल्यापासून तीन महिन्यांत निर्णय द्यायची तरतूद आहे आणि निर्णय अर्जदारापुरता काही वर्षं कस्टम्सवर बंधनकारक राहतो. एक अट अशी की तोच प्रश्न तुमच्या बाबतीत कुणा अधिकाऱ्यापुढे वा न्यायाधिकरणापुढे प्रलंबित नसावा. छोट्या कंपन्यांत हे फारसं कुणाला माहीत नसतं, मलाही व्हॉल्व्हवाल्यांच्या वकिलाकडून कळलं.

मध्यंतरी एक उलटी गोष्ट झाली. कस्टम हाऊसने तपासणीच्या वेळा आगाऊ ठरवून घेण्याबद्दलच्या नोटिशीचा मसुदा संघटनांना पाठवला आणि सूचना मागवल्या. मसुद्यात वेळ ठरवणारा सीएचए धरलेला होता. मजूर आणि फोर्कलिफ्ट सीएफएसच्या हातात असतात, त्यांनी होकार दिल्याशिवाय वेळ ठरून उपयोग नाही, एवढंच आम्ही कळवलं. अंतिम नोटिशीत सीएफएसची जबाबदारी वेगळ्या परिच्छेदात आली. बैठक नाही, पाठपुरावा नाही. निर्णय व्हायच्या आधी विचारलं की किती सोपं जातं, आणि तरी अशा मसुद्यांना उत्तर देणाऱ्या संघटना मोजक्याच असतात, असं सेक्रेटरी सांगतात.

ॲडव्हान्स रूलिंगचा अर्ज आता तयार होतोय. वाटेत असलेल्या कन्साइनमेंटवर क्वेरी पडायच्या आत तो दाखल व्हावा अशी धडपड आहे, नाहीतर प्रश्न प्रलंबित आहे म्हणून तोही परत यायचा. डिटेन्शनचा पॉइंट पुढच्या अजेंड्यावर आहेच. या वेळी सेक्रेटरींनी वेगवेगळ्या लाइनांची बिलं आणि त्या त्या बिल ऑफ एंट्रीच्या वेळा शेजारी शेजारी लावल्यात, आणि मागणी एका ओळीची ठेवलीय: क्वेरी पडल्यापासून ती मिटेपर्यंतच्या दिवसांचा दाखला कस्टम हाऊसने मागितल्यावर द्यावा, म्हणजे प्रिन्सिपलना विचारायला निदान एक कागद तरी असेल.